मुलांच्या डोक्यातील उवा-लिखा: लाज नको, रॉकेल नको, फणी आणि दोन आठवड्यांचा नेम हवा

शाळेतून आलेली मुलगी सारखी कानामागे खाजवते. अम्मी ओढणी बाजूला करून बघते आणि कपाळाला हात लावते. मग घरात एकच प्रश्न सुरू होतो, "कुणाकडून आणल्या?" कुणी शाळेचं नाव घेतं, कुणी मदरशाचं, कुणी शेजारच्या मुलीचं. दादी सांगते रॉकेल लाव, खाला सांगते सरळ टक्कल कर. या सगळ्यात मुलगी मात्र मान खाली घालून बसते. जणू काही तिनेच गुन्हा केला आहे.

आम्ही हा लेख त्या घरासाठी लिहीत आहोत. उवा (कुणाच्या घरी त्यांना 'जुवां' म्हणतात) हा मुलांमध्ये जगभर आढळणारा त्रास आहे. तो धोकादायक नाही. मात्र तो एका रात्रीत जात नाही आणि घाईघाईने केलेले उपाय उवांपेक्षा जास्त नुकसान करतात. उवा नेमक्या कशा वाढतात हे एकदा समजलं, की त्या काढायच्या कशा हे आपोआप कळतं. म्हणून आधी तेच बघू.

ऊ म्हणजे काय, लीख म्हणजे काय

पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी, म्हणजे 2 ते 3 मिलिमीटर लांब असते. रंग राखाडी किंवा तपकिरी. तिला सहा पाय असतात आणि त्या पायांनी ती केस घट्ट पकडते. तिला पंख नाहीत, त्यामुळे ती उडत नाही. ती उडीही मारत नाही, फक्त चालते. दिवसातून अनेक वेळा ती डोक्याच्या त्वचेतून थोडं थोडं रक्त पिते. डोक्यावरून खाली पडली, तर रक्त न मिळाल्याने साधारण एक-दोन दिवसांत मरते.

मादी ऊ रोज काही अंडी घालते. ही अंडी म्हणजेच लिखा. प्रत्येक लीख केसाला एका चिकट द्रवाने डकवलेली असते, म्हणून ती झटकून किंवा धुऊन जात नाही. अंड्याला उबेची गरज असते, त्यामुळे ती केसाच्या मुळाजवळ घातली जाते.

आता पुढचे आकडे लक्षात ठेवा, कारण सगळा उपचार यावर उभा आहे. लीख फुटायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. तिच्यातून निघालेलं पिल्लू मोठं होऊन स्वतः अंडी घालायला लागेपर्यंत आणखी 9 ते 12 दिवस जातात. डोक्यावर ऊ साधारण महिनाभर जगते.

म्हणजे आज तुम्ही सगळ्या उवा मारल्या, तरी लिखा शिल्लक राहतात आणि आठवड्याभरात नवी पिल्लं निघतात. "औषध लावलं, तरी परत झाल्या" असं आपण म्हणतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. त्या परत आलेल्या नसतात, आधीच्याच लिखा फुटलेल्या असतात.

कशा पसरतात, कशा पसरत नाहीत

उवा मुख्यतः डोक्याला डोकं लागून पसरतात. मुलं एका सिपाऱ्यावर वाकून सबक म्हणतात, एका मोबाइलमध्ये डोकं घालून बघतात, सुट्टीत नानीच्या घरी एकाच गादीवर चार-पाच जण झोपतात, लग्नघरात चुलत-मावस बहिणी एकमेकींच्या वेण्या घालतात. अशा वेळी ऊ एका केसावरून दुसऱ्या केसावर चालत जाते. टोपी, स्कार्फ, कंगवा, उशी यांच्यातून त्या क्वचित पसरतात. तरीही कंगवा आणि स्कार्फ प्रत्येकाचा वेगळा ठेवणं बरं.

काही गैरसमज इथेच दूर करू.

अस्वच्छतेमुळे उवा होतात, हे खरं नाही. रोज न्हाणाऱ्या मुलीलाही होतात. उवेला केस आणि रक्त हवं असतं, मग केस मळके असोत की धुतलेले.

स्कार्फ किंवा हिजाबमुळे उवा होतात, हेही खरं नाही. कापडातून ऊ जन्माला येत नाही. फरक इतकाच, की केस झाकलेले असल्याने त्या उशिरा लक्षात येतात. म्हणून ज्या घरात मुली स्कार्फ बांधतात, त्या घरात आठवड्यातून एकदा केस बघायची सवय ठेवावी.

मांजर, बकरी, कोंबडी यांच्याकडून माणसाला उवा लागत नाहीत. माणसाच्या डोक्यातली ऊ फक्त माणसावरच जगते.

डोक्यातल्या उवांमुळे कोणताही रोग पसरत नाही. टायफससारखे आजार पसरवते ती कपड्यांत राहणारी अंगावरची ऊ. ती वेगळी.

आहेत की नाहीत, कसं ओळखायचं

खाज हे लक्षण आहे, पण ते उशिरा येतं. उवेच्या लाळेची अॅलर्जी झाल्यावर खाज सुटते आणि पहिल्यांदाच उवा झाल्या असतील, तर त्याला 4 ते 6 आठवडे लागू शकतात. त्यामुळे ज्या दिवशी मूल खाजवताना दिसलं, त्या दिवशीच उवा आल्या असं समजू नका. शेजारच्या मुलीला दोष द्यायच्या आधी हे आठवा. कदाचित आपल्याच घरातून तिच्याकडे गेल्या असतील.

उजेडात बसून कानांच्या मागे आणि मानेच्या वरच्या केसांत नीट बघा. उवा तिथे जास्त सापडतात. लीख आणि कोंडा यांत गोंधळ होतो. कोंडा बोटाने उडवला की उडतो. लीख केसाला चिकटून राहते, नखांच्या चिमटीत धरून ओढावी लागते.

अजून एक खूण. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात. लीख मुळापासून 6 मिलिमीटरच्या आत असेल, तर ती जिवंत असू शकते. त्याहून बरीच लांब, केसाच्या मधोमध दिसणारी पांढरी लीख बहुतेक रिकामी किंवा मेलेली असते. नुसत्या जुन्या पांढऱ्या लिखा दिसल्या म्हणून औषध लावायची गरज नाही. चालणारी ऊ सापडली, तरच उपचार करा.

खात्री करायची असेल, तर नुसत्या नजरेवर राहू नका. ओल्या केसांत फणी फिरवा.

खरा उपाय: ओल्या केसांत फणी

फणी हे काही नवं साधन नाही. आजच्या इस्रायलमधल्या लाखीश या ठिकाणी सुमारे 3,700 वर्षांपूर्वीची एक हस्तिदंती फणी सापडली आहे. तिच्या एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दात आहेत, अगदी आपल्या दादीच्या दुतोंडी फणीसारखे. तिच्यावर कनानी लिपीत अक्षरं कोरलेली आहेत. 2022 मध्ये ती वाचली गेली, तेव्हा कळलं, की केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जाव्यात अशी इच्छा त्यात लिहिली आहे. माणूस तेव्हापासून हेच करत आला आहे.

आज बाजारात स्टीलच्या लांब दातांची फणी मिळते. ती सगळ्यात चांगली. दात इतके जवळ हवेत, की मध्ये तिळाएवढी ऊ अडकेल. आता पद्धत:

1. केस नेहमीच्या शाम्पूने धुवा. मग भरपूर कंडिशनर लावा, ते धुऊ नका. कंडिशनरचं छोटं पाऊच पुरतं, केस लांब असतील तर दोन-तीन लागतील. नसेल तर ओल्या केसांना खोबरेल तेल लावा. ओल्या, निसरड्या केसांत ऊ पटकन पळू शकत नाही आणि फणीही अडकत नाही.

2. साध्या मोठ्या दातांच्या कंगव्याने सगळा गुंता काढा. गुंता तसाच ठेवून फणी घातली तर मूल रडणार आणि पुढच्या वेळी बसणारच नाही.

3. केसांचे छोटे छोटे भाग करा. बाकीचे क्लिपने बांधून ठेवा.

4. फणी अगदी त्वचेला टेकवून मुळापासून टोकापर्यंत एका ओढीत न्या. मधूनच सुरुवात करू नका, कारण लिखा आणि पिल्लं मुळाशीच असतात.

5. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या कापडावर किंवा टिश्यूवर पुसा आणि बघा काय निघालं.

6. पूर्ण डोकं झालं की केस धुवा, आणि ओल्या केसांत पुन्हा एकदा फणी फिरवा.

लांब दाट केसांना अर्धा तास सहज लागतो, कधी त्याहून जास्त. मुलाला समोर काहीतरी द्या, चित्रकलेची वही असो की गोष्ट. घाई केली तर सगळं वाया जातं.

चार दिवस मोजा: 1, 5, 9, 13

फणीचं खरं बळ या वेळापत्रकात आहे. पहिल्या दिवशी फणी फिरवा. मग पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी पुन्हा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतही हेच वेळापत्रक सांगितलं जातं.

कारण साधं आहे. आज राहिलेली लीख पुढच्या आठवड्या-दीड आठवड्यात फुटेल. पण तिच्यातलं पिल्लू अंडी घालण्याएवढं मोठं व्हायच्या आतच तुम्ही चौथ्या दिवशी परत फणी घेऊन बसलेले असता. म्हणजे नवी लीख घालायला कुणी उरतच नाही. साखळी तुटते. नंतर सतराव्या दिवशी एकदा बघा. एकही जिवंत ऊ नसेल, तर काम झालं.

कॅलेंडरवर हे दिवस गोल करून ठेवा. आमचा अनुभव असा, की लोक पहिल्या दिवशी दोन तास बसतात, पाचव्या दिवशी पाहुणे येतात, नवव्या दिवशी विसरतात आणि महिन्याभराने म्हणतात, "फणीने काही होत नाही."

आणि एक. ज्या दिवशी एका मुलाचं डोकं बघाल, त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांचं बघा. भाऊ, आई, दादी, सुट्टीला आलेली आतेबहीण, सगळ्यांचं. विशेषतः जे एकत्र झोपतात त्यांचं. एका डोक्यात राहिल्या, की पुन्हा सगळ्यांकडे पसरतात. मात्र ज्याच्या डोक्यात जिवंत ऊ नाही, त्याला "खबरदारी म्हणून" औषध लावू नका.

औषध लावायचं असेल तर

उवा खूप असतील किंवा फणीला वेळ देणं शक्य नसेल, तर औषध आहे. मेडिकलवाल्याकडून काहीतरी "स्ट्राँग" मागून आणण्याऐवजी डॉक्टरांना विचारून घ्या.

परमेथ्रिन 1 टक्का हे लोशन डोक्यातल्या उवांसाठी वापरतात. शाम्पूने केस धुवा, कंडिशनर लावू नका, टॉवेलने पुसा. लोशन लावून 10 मिनिटांनी पाण्याने धुवा. ते लिखा पूर्ण मारत नाही, म्हणून साधारण नवव्या दिवशी पुन्हा लावावं लागतं. दुसरी वेळ टाळली, तर पहिली वेळ फुकट. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला लावू नये. बाजारात परमेथ्रिनचं 5 टक्क्यांचं क्रीमही मिळतं. ते खरजेसाठी आहे, डोक्यातल्या उवांसाठी नाही. खोक्यावरचा आकडा वाचून घ्या. काही ठिकाणी उवांना परमेथ्रिनची सवय झाली आहे, त्यामुळे बरोबर वापरूनही फरक पडत नसेल तर तेच औषध चार-चार वेळा लावू नका, डॉक्टरांकडे जा.

डायमेथिकोन हा सिलिकॉनसारखा पदार्थ उवेवर थर चढवून तिला मारतो. त्यात कीटकनाशक नसतं. बाटलीवर दिलेल्या वेळेप्रमाणेच वापरावं.

आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या स्वतःहून कधीही देऊ नका. त्या डॉक्टर वजन बघून ठरवतात. 15 किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना त्या देत नाहीत.

कोणतंही औषध लावताना मुलाच्या डोळ्यांवर कोरडं कापड धरा आणि डोकं बेसिनवर किंवा बादलीवर वाकवून धुवा, म्हणजे औषध अंगभर वाहणार नाही. गरोदर किंवा दूध पाजणाऱ्या आईने आधी डॉक्टरांना विचारावं. औषधानंतरही फणी लागतेच. आणि उवा गेल्यावरही काही दिवस खाज राहू शकते. नुसती खाज आहे म्हणून पुन्हा औषध लावू नका, आधी फणी फिरवून खात्री करा.

हे मात्र करू नका

रॉकेल किंवा पेट्रोल: हे ज्वलनशील आहे. रॉकेल लावलेलं मूल चुलीजवळ, गॅसजवळ किंवा अगरबत्तीजवळ गेलं, तर काय होईल ते सांगायला नको. त्वचा भाजते, डोळे जळतात. चुकून तोंडात जाऊन फुप्फुसात उतरलं, तर जिवावर बेतणारा न्यूमोनिया होतो. उवांमुळे मूल मरत नाही. रॉकेलमुळे मरू शकतं.

ढेकूण, झुरळं, मुंग्या मारायचं औषध किंवा खडू: हे माणसाच्या त्वचेसाठी बनवलेलं नाही. विष त्वचेतून शरीरात जातं.

सीताफळाच्या बियांची पूड: आपल्याकडे हा जुना घरगुती उपाय. पण ही पूड डोळ्यात गेली, तर बुबुळाला जखम होते, असह्य वेदना होतात. न्हाताना ती डोळ्यात जातेच. चुकून गेली, तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

खोबरेल तेलात भरपूर कापूर: लहान मुलाच्या पोटात कापूर गेला, तर झटके येऊ शकतात. कापराची वडी आणि असं तेल मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नका.

डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून झोपवणं: झोपेत ती तोंडावर सरकली, तर श्वास कोंडतो. कधीच नको.

अंथरूण-पांघरुणाचं काय?

पूर्ण घर धुऊन काढायची गरज नाही. मागच्या दोन दिवसांत वापरलेले उशीचे अभ्रे, चादर, स्कार्फ, टोप्या गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. कंगवे आणि फणी 10 मिनिटं कडकडीत गरम पाण्यात बुडवून ठेवा. जे धुता येत नाही, ते पिशवीत बांधून दोन आठवडे बाजूला ठेवा. घरात कीटकनाशक फवारणं व्यर्थ आहे आणि मुलांच्या श्वासाला वाईट. ही मेहनत फणीवर खर्च करा.

काब बिन उजरा (रजि.) यांची गोष्ट

उवा म्हणजे लाजिरवाणी गोष्ट, असं ज्यांना वाटतं त्यांनी हुदैबियाचा प्रसंग आठवावा. हिजरी सन 6. प्रेषित मुहम्मद (स.) आणि सहाबा उमऱ्याच्या एहराममध्ये होते. काब बिन उजरा (रजि.) यांच्या डोक्यात इतक्या उवा झाल्या होत्या, की त्या चेहऱ्यावर गळत होत्या. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. प्रेषितांनी (स.) त्यांना विचारलं, की याचा तुला त्रास होतोय का? ते हो म्हणाले. एहराममध्ये केस काढायला मनाई असूनही त्यांना डोकं मुंडण्याची परवानगी मिळाली. त्याबदल्यात तीन रोजे, किंवा सहा गरजूंना जेवण, किंवा एक कुर्बानी. सूरह बकराच्या 196व्या आयतीत या सवलतीचा उल्लेख आहे.

म्हणजे एका सहाबीच्या डोक्यात उवा होत्या आणि हे शतकानुशतकं हदीसच्या ग्रंथांत वाचलं जात आहे. पहिला प्रश्न काय होता? "कुणाकडून आणल्या" हा नव्हता. "त्रास होतोय का" हा होता. आपल्या लेकीलाही आपण हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे.

टक्कल केल्याने उवा जातात, यात शंका नाही. लहान मुलाला चालत असेल तर करा. पण दहा-बारा वर्षांच्या मुलीचे केस तिच्या मनाविरुद्ध कापणं ही तिला शिक्षा वाटते. फणीने दोन आठवड्यांत होणाऱ्या कामासाठी तिच्या मनावर वर्षभराचा ओरखडा कशाला?

शाळा आणि मदरसा

उवा आहेत म्हणून मुलाला घरी बसवू नका. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचीही भूमिका हीच आहे, की केवळ उवा-लिखांमुळे निरोगी मुलाला शाळेबाहेर ठेवू नये. खाज सुटली तेव्हा उवा होऊन कित्येक आठवडे झालेले असतात, मग आज एक दिवस घरी बसवून काय साधणार? आमची शिक्षकांना आणि आपांना विनंती आहे. वर्गासमोर नाव घेऊ नका, मुलीला वेगळं बसवू नका. तिच्या आईला बाजूला घेऊन सांगा.

पालकांनीही लपवू नये. आयांच्या ग्रुपवर इतकंच लिहा: "आमच्या घरी उवा सापडल्या आहेत, उपचार सुरू आहेत. तुम्हीही आज फणी फिरवून बघा." एका वर्गातल्या सगळ्या घरांनी एकाच शुक्रवारी फणी फिरवली, तर उवांना परत जायला डोकंच मिळणार नाही. लपवल्याने मात्र त्याच उवा वर्षभर या घरातून त्या घरात फिरत राहतात.

तोपर्यंत मुलींचे केस वेणी घालून किंवा अंबाडा बांधून ठेवा. मोकळे केस पटकन एकमेकांना लागतात.

डॉक्टरांकडे कधी

खाजवून जखमा झाल्या, त्यातून पाणी किंवा पू येतो, खपल्या धरल्या, मानेच्या मागे गाठी आल्या, ताप आला, तर डॉक्टरांना दाखवा. जखमेत जंतूंचा संसर्ग झालेला असू शकतो आणि त्याला वेगळं औषध लागतं. बाळ अगदी लहान असेल, किंवा औषध दोनदा नीट लावून आणि फणी फिरवूनही जिवंत उवा सापडत असतील, तरीही जा. सरकारी दवाखान्यातही हे दाखवता येतं, लाजू नका.

आज रात्री जेवणं झाली की फणी शोधा. मुलीला जवळ बसवा, केस ओले करा आणि कॅलेंडरवर चार तारखांना गोल करा. तेराव्या दिवसापर्यंत नेम सोडू नका.